परतीची तार: घरच्या संगीतयंत्रणेत बॅलन्स्ड की अनबॅलन्स्ड?



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांकडे कुणी ‘स्पीकर गुणगुणतोय’ अशी तक्रार घेऊन गेलं की ते माइक कोणता, मिक्सर कोणत्या कंपनीचा, यातलं काही विचारत नसत. ‘करंट जातो कुठून ते राहू दे, परत कुठून येतो ते सांग,’ एवढंच म्हणत. आजच्या विषयाचं बरंचसं उत्तर त्या प्रश्नातच आहे. मी पुढे जे बोलणार आहे तो त्याचाच विस्तार समजा.

चांगल्यापैकी अ‍ॅम्प्लिफायर घेतला की त्याच्या पाठीमागे दोन तऱ्हांची सॉकेट दिसतात. एक आपल्या ओळखीचं, लाल-पांढरं, मधे भोक आणि भोवती कडं असलेलं आरसीए. दुसरं मोठं, तीन पिनांचं, खटका बसणारं एक्सएलआर, जे नाट्यगृहातल्या माइकला असतं. दुकानदार सांगतो, पहिलं अनबॅलन्स्ड, दुसरं बॅलन्स्ड, आणि दुसरं अर्थातच वरच्या दर्जाचं. मग केबलची किंमत सांगतो. ती ऐकून गिऱ्हाईक जरा वेळ छताकडे बघतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना लवकर निघायचं आहे त्यांची सोय होईल. दीड-दोन मीटर अंतरात, एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर चालणाऱ्या दोन-तीन यंत्रांसाठी आरसीए पुरेसं आहे. जिथे ते पुरत नाही, तिथे महागडं आरसीए घेऊनही फारसं भागत नाही. आणि तिथे बॅलन्स्ड जोडणी उपयोगी पडते तेव्हा श्रेय केबलचं थोडं आणि केबलच्या पलीकडच्या टोकाला बसलेल्या सर्किटचं जास्त असतं.

ही भानगड हायफायवाल्यांच्या जन्माआधीची आहे. १८७६ साली बेलचा टेलिफोन आला तेव्हा तारायंत्राचं जाळं आधीच उभं होतं, आणि तारायंत्राला खांबावर एकच तार लागत असे. परतीचा प्रवाह जमिनीतून जाई. दोन्ही टोकांना अर्थिंग केलं की झालं, निम्मी तार वाचली. टेलिफोनवाल्यांनी हीच काटकसर उचलली. तारायंत्राच्या कट्ट-कडकट्टला जमिनीतल्या गोंधळाची पर्वा नव्हती. टेलिफोनला कान लावून बसलेल्या माणसाला मात्र तो सगळा ऐकू येऊ लागला. शेजारच्या तारेवरचा मजकूर, दूरवर चमकणारी वीज, सगळं. त्यात १८८८ साली फ्रँक स्प्रेगने अमेरिकेतल्या रिचमंड शहरात विजेच्या ट्राम यशस्वी करून दाखवल्या आणि गावोगावी ट्राम आल्या. ट्रामचा परतीचा प्रवाह रुळांतून जाई, आणि रुळांतून निसटला की जमिनीतून. म्हणजे टेलिफोनच्याच वाटेने. ट्राम चढाला लागली की फोनवर घरघर. काही टेलिफोन कंपन्या ट्रामवाल्यांविरुद्ध कोर्टात गेल्या, पण जमिनीवर हक्क कुणाचा, हे कोर्टात ठरवणं अवघडच होतं.

तोडगा तोवर सापडलेला होता, फक्त तो खर्चिक होता. दोन तारा एकमेकींभोवती पिळून वापरायच्या, ही कल्पना खुद्द बेलने १८८१ साली पेटंट करून ठेवली होती. १८८४ साली बॉस्टन आणि न्यूयॉर्क यांच्या दरम्यान तांब्याची दुहेरी तार टाकून लांबचं बोलणं झालं. टेलिफोनने सामायिक वाट सोडली आणि परतीसाठी स्वतःची तार ओढली. खांबांवर ठरावीक अंतराने दोन तारांच्या जागा बदलत, म्हणजे उपद्रव देणाऱ्या शेजाऱ्याच्या जवळ दोघींना सारखंच राहावं लागे. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ साली आलं आणि विजेची ट्राम १९०७ साली. ट्राम आपल्याकडे पोचेपर्यंत हा धडा तिकडे गिरवून झाला होता.

या ‘दोघींना सारखंच’मध्ये सगळं मर्म आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

बॅलन्स्ड केबलमध्ये दोन तारा आणि त्यांच्याभोवती जाळी असते. पुस्तकांत चित्र असं काढतात की एका तारेवर सिग्नल, दुसरीवर तोच सिग्नल उलटा, आणि पलीकडे दोन्हींची वजाबाकी. चित्र खोटं नाही, पण ते नजर भलतीकडे नेतं. दुसऱ्या तारेवर उलटा सिग्नल नसला तरी चालतं. खरी अट अशी की दोन्ही तारांचा जमिनीच्या तुलनेत इम्पिडन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा अडथळा, सारखा हवा. लोकलमध्ये शेजारी-शेजारी उभे असलेले दोन प्रवासी घ्या. गाडीने हिसका दिला की दोघेही सारखेच झुकतात आणि दोघांमधलं अंतर तेवढंच राहतं. एकाने वरची कडी घट्ट धरली असेल आणि दुसऱ्याचे हात मोकळे असतील, तर त्याच हिसक्याने अंतर बदलतं. बॅलन्स्ड इनपुट फक्त हे अंतर मोजतं. दोन्ही तारांवर हिसका सारखा बसला तर त्याला हिसक्याचा पत्ताही लागत नाही.

आता यातला हिशेब बघा. सिग्नल देणाऱ्या यंत्रात दोन्ही तारांच्या आउटपुटला १०० ओहमचा रेझिस्टर असतो असं धरू. ५ टक्क्यांच्या स्वस्त रेझिस्टरमध्ये एक ९५ आणि दुसरा १०५ निघू शकतो, म्हणजे १० ओहमचा फरक. घेणाऱ्या सर्किटचा प्रत्येक तारेला जमिनीकडचा इम्पिडन्स १० हजार ओहम असेल, तर आगंतुक व्होल्टेजचा हजारावा भाग सिग्नल म्हणून आत शिरतो. डेसिबलमध्ये हे फक्त ६० चं संरक्षण झालं, मग माहितीपत्रकात ९० छापलेलं का असेना. उलट, इनपुटला चांगला ट्रान्सफॉर्मर असेल तर हा इम्पिडन्स लाखो ओहमच्या घरात जातो आणि १० ओहमचा फरक नगण्य ठरतो. जेन्सन ट्रान्सफॉर्मर्सचे बिल व्हिटलॉक यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलच्या जून १९९५ च्या अंकात हे सविस्तर मांडलं. पुढे त्यांनी ट्रान्सफॉर्मरचा हा गुण एका चिपमध्येही उतरवला. तरीही महागड्या घरगुती यंत्रांत चार रेझिस्टर आणि एक ऑप-अँप एवढ्यावर भागवलेलं आढळतं. एक्सएलआर सॉकेट दिसलं म्हणजे आत बॅलन्स्ड इनपुट चांगलंच असेल, असं समजू नका.

बॅलन्स्ड केबलच्या जाळीबद्दलही एक गैरसमज आहे. जाळी जितकी जाड तितकी घरघर कमी, असं लोक समजतात. तांब्याची जाळी विद्युत क्षेत्र अडवते, पण ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला ती जवळजवळ अडवत नाही. अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपासून निघणाऱ्या त्या क्षेत्रापासून वाचवतो तो दोन तारांचा पीळ. दोनाऐवजी चार तारांचा पीळ असलेली स्टार-क्वाड केबल स्टेजवाले वापरतात ती याचसाठी.

मग घरात आरसीए कसं आलं? १९३० च्या दशकात अमेरिकेत रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिकाने रेडिओ-ग्रामोफोनच्या मोठ्या पेटीत आतल्या आत जोडण्या करायला ते बनवलं. वीतभर अंतर, एकच पेटी, एकच वीजपुरवठा. पुढे पेटीचे तुकडे होऊन प्लेअर वेगळा, अ‍ॅम्प्लिफायर वेगळा झाला, पण सॉकेट तेच राहिलं. त्यात एक उपजत खोड आहे: लावताना मधला टोचा आधी टेकतो आणि बाहेरचं कडं नंतर. अ‍ॅम्प्लिफायर चालू असताना लावलं तर स्पीकरमधून जो भोंगा निघतो तो यामुळे. एक्सएलआरमध्ये जमिनीची पिन आधी टेकते.

आरसीएमध्ये बाहेरचं कडं आणि जाळी यांच्यावर दोन कामं असतात. सिग्नलचा परतीचा प्रवाह त्यांतूनच जातो आणि दोन यंत्रांच्या जमिनीही त्यांनीच जोडलेल्या असतात. दोन्ही यंत्रांना तीन पिनांचा प्लग असेल, किंवा एकाला असेल आणि दुसरं दुसऱ्या कुठल्या मार्गाने जमिनीला टेकलेलं असेल, तर जाळीतून सिग्नलशी संबंध नसलेला प्रवाहही वाहतो. समजा जाळीचा आणि कड्याच्या टेकण्याचा मिळून रोध ०.१ ओहम आहे आणि वाहणारा आगंतुक प्रवाह १ मिलिअँपिअर. मग ०.१ मिलिव्होल्टचा आवाज थेट सिग्नलच्या रांगेत जाऊन उभा राहतो. सीडी प्लेअरच्या २ व्होल्टच्या पूर्ण सिग्नलपेक्षा तो ८६ डेसिबलने खाली असतो, म्हणजे बहुधा ऐकू येत नाही. जुन्या टेपरेकॉर्डरच्या ०.३ व्होल्टच्या मानाने मात्र तो फक्त ७० डेसिबल खाली, आणि रात्री शांततेत संवेदनशील स्पीकरमधून ऐकू येऊ शकतो. आरसीएमध्ये पैसे घालायचेच असतील तर जाड, भरगच्च विणीच्या जाळीत आणि घट्ट बसणाऱ्या कड्यात घाला. त्यामुळे हा रोध कमी होतो. कोकणात पावसाळ्यात प्लग नुसता गरकन फिरवला की घरघर थांबते, त्याचं कारण हेच: गंज खरवडला जातो आणि रोध उतरतो. चांदीची तार, सोन्याचा मुलामा, बाणाने दाखवलेली दिशा, यांचा या हिशेबाशी संबंध नाही. मुलामा निदान गंजत नाही, एवढं त्याला देऊ.

ही गुणगुण कानाला ओळखता आली पाहिजे. आपली वीज ५० हर्ट्झची. तिची दुप्पट १००. गाणाऱ्यांना सांगायचं तर मंद्रातल्या पांढरी पाचच्या जरा वर, चढी. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असल्यामुळे तिकडची गुणगुण वेगळ्या सुरात लागते. मऊ, घुमारदार ‘हम्म’ ऐकू आला तर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र किंवा जमिनीचा वळसा, ज्याला ग्राउंड लूप म्हणतात, यांचा संशय घ्यावा. कर्कश, झिणझिणती ‘झ्झ’ असेल तर त्यात वरची हार्मोनिक्स भरलेली असतात. ती बहुधा एसएमपीएस चार्जर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा घरातला चौकोनी लहरींचा इन्व्हर्टर यांच्याकडून येतात. भारनियमनाच्या दिवसांत इन्व्हर्टर सुरू झाला की भीमपलासीला वेगळाच साथीदार लाभत असे, ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. मोबाइल वाजण्याआधीचा तो ‘टिरिरिक् टिरिरिक्’ म्हणजे जीएसएमचा सेकंदाला सुमारे २१७ वेळा होणारा ठोका होता. तो रेडिओलहरींवरून आत शिरे, आणि तिथे पिनांची संख्या फारशी कामाची नव्हती.

आपल्या शहरी घरांतला सगळ्यांत मोठा गुन्हेगार बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तो म्हणजे टीव्हीची केबल. केबलवाल्याची कोअ‍ॅक्सिअल वायर इमारतीच्या गच्चीवरून, कधी दुसऱ्या इमारतीवरून, आपली वेगळीच जमीन बरोबर घेऊन घरात येते. ती सेट टॉप बॉक्सला, तो टीव्हीला, टीव्ही आरसीएने अ‍ॅम्प्लिफायरला, आणि अ‍ॅम्प्लिफायर तीन पिनांच्या प्लगने घरच्या अर्थिंगला. वळसा पूर्ण झाला, आणि त्यातला प्रवाह मिलिअँपिअरभराहून कितीतरी मोठा असू शकतो. तपासणी सोपी आहे. कोअ‍ॅक्सिअल बॉक्समधून काढा. गुणगुण बंद झाली तर चोर सापडला. इलाज एक्सएलआर घेणं हा नाही. टीव्हीतून अ‍ॅम्प्लिफायरकडे जाताना ऑप्टिकल केबल वापरा. तोशिबाने १९८३ साली आणलेली ही टॉसलिंक जोडणी म्हणजे प्रकाशाची नळी. तिच्यात विजेचा वाहकच नाही, त्यामुळे वळसाही नाही. स्वस्त मिळते आणि बऱ्याच टीव्हींना तिचं सॉकेट असतं.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. गुणगुण घालवायला प्लगची तिसरी पिन कापू नका, काढू नका, तिच्यावर चिकटपट्टी लावू नका. हा उपाय कारागीर सर्रास सुचवतात, आणि तो लागू पडतो, हीच पंचाईत आहे. अ‍ॅम्प्लिफायरच्या आत एखादी तार सुटून पेटीला टेकली तर ती तिसरी पिन फ्यूज उडवते; ती नसेल तर २३० व्होल्ट पेटीवर, आणि आरसीएच्या जाळीमार्गे जोडलेल्या प्रत्येक यंत्राच्या पेटीवर, वाट बघत थांबतात. जुन्या चाळीत, वाड्यात बऱ्याचदा मुळात अर्थिंगच नसतं. तिथे आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, केबलचा विषय नंतर.

आता दुकानात परत येऊ. दुकानदार आरसीए लावून ऐकवतो, मग एक्सएलआर लावतो, आणि खरंच फरक पडतो. आवाज मोकळा वाटतो, तबल्याची थाप जवळ येते. कारण साधं आहे: बहुतेक घरगुती यंत्रांत आरसीएतून २ व्होल्ट आणि एक्सएलआरमधून ४ व्होल्ट येतात. म्हणजे ६ डेसिबल जास्त. माणसाच्या कानाला जरा मोठा आवाज नेहमीच जरा चांगला वाटतो. तुलना करायचीच असेल तर मीटर लावून दोन्ही आवाज डेसिबलच्या दशांशापर्यंत सारखे करा, आणि कोणती केबल चालू आहे हे ऐकणाऱ्याला सांगू नका. मग बोला.

बॅलन्स्ड जोडणी करूनही गुणगुण आली तर? ते होतं. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलच्या १९९५ च्या त्याच अंकात नील मन्सी यांनी याचं कारण दाखवलं. एक्सएलआरची पहिली पिन, म्हणजे जाळीची, काही उत्पादक थेट पेटीला जोडण्याऐवजी आतल्या सर्किटच्या जमिनीला जोडतात. जाळीतला घाणेरडा प्रवाह मग अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटातून फिरतो. पुढे २००५ साली सोसायटीने एईएस-४८ हे मानक काढून पहिली पिन पेटीलाच जोडावी असं ठरवलं, पण सगळे उत्पादक ते पाळतातच असं नाही. पेटी उघडलेली असेल तर डोळ्यांनी बघता येतं: पहिल्या पिनेपासून तार आखूड आणि सरळ पत्र्यावर गेली आहे, की सर्किट बोर्डाच्या अंगणात हिंडते आहे?

हेडफोनवाल्यांनीही अलीकडे बॅलन्स्डचा झेंडा हाती घेतला आहे, ४.४ मिलिमीटरच्या पाच भागांच्या जॅकसह. तिथे दोन्ही कानांच्या परतीच्या तारा वेगळ्या होतात आणि ताकद वाढते, तो फायदा आहे. पण बाहेरची गुणगुण घालवण्याशी त्याचं नातं नाही, कारण हेडफोनच्या तारेत गुणगुण शिरत होतीच कुठे?

उलट, घरात जिथे बॅलन्स्डची खरी निकड आहे तिथे ती कुणी विचारत नाही. रेकॉर्ड प्लेअर! मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजमधून अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपास, कधी त्याहूनही कमी सिग्नल येतो. सीडीच्या सिग्नलचा हजारावा हिस्सासुद्धा नाही. आणि कार्ट्रिज म्हणजे काय, तर दोन्ही टोकं मोकळी असलेलं तारेचं एक वेटोळं, जमिनीशी कुठेही न जोडलेलं. घरातल्या यंत्रांत जन्मतः बॅलन्स्ड असं हे बहुधा एकच यंत्र, आणि तेच आपण पिढ्यान्‌पिढ्या आरसीएला बांधून अनबॅलन्स्ड करून टाकलं. रेकॉर्ड प्लेअरबरोबर येणारी ती बारीक वेगळी जमिनीची तार आर्मची आणि पेटीची असते, सिग्नलची नव्हे. काही आर्मना खाली पाच पिनांचं डिन सॉकेट असतं. त्यातून एक्सएलआरपर्यंत केबल करून घेता येते, आणि बॅलन्स्ड फोनो प्रीअ‍ॅम्पही बाजारात आहेत. बॅलन्स्डवर पैसे घालायचे ठरलंच असेल तर मी पहिला पैसा इथे घालीन.

राहिला तो लांब अंतराचा प्रश्न. सोर्स भिंतीच्या या टोकाला आणि अ‍ॅक्टिव्ह स्पीकर त्या टोकाला, मधे आठ-दहा मीटर, दोन वेगळ्या प्लग पॉइंटवर. लोकांना भीती असते ती केबलच्या कपॅसिटन्समुळे वरचे स्वर बुजण्याची. मीटरला १०० पिकोफॅरड धरले तर दहा मीटरला एक हजार. सोर्सचा आउटपुट इम्पिडन्स अगदी १ हजार ओहम असला तरी घसरण १५९ किलोहर्ट्झपाशी येते. कुत्र्यालासुद्धा ऐकू येणार नाही. खरा धोका दोन प्लग पॉइंटच्या जमिनींमधल्या फरकाचा आहे, आणि इथे बॅलन्स्ड इनपुट हवंच.

फक्त इनपुट. सोर्सला एक्सएलआर नसेल तरी बिघडत नाही, आणि ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला दोन तारा आणि जाळी असलेली साधी माइक केबल मीटरवर मिळते. आरसीएच्या मधल्या टोच्याला एक तार लावा, ती एक्सएलआरच्या दुसऱ्या पिनेकडे न्या. दुसरी तार आरसीएच्या कड्याला लावा, ती तिसऱ्या पिनेकडे न्या. जाळी आरसीएच्या बाजूला त्याच कड्याला आणि एक्सएलआरच्या बाजूला पहिल्या पिनेला. झालं. आता जमिनीचा प्रवाह जाळीतून जातो आणि सिग्नलची परतीची तार वेगळी आहे. दोन्ही तारांचा इम्पिडन्स इथे तंतोतंत सारखा नसतो, त्यामुळे स्टुडिओइतकं संरक्षण मिळत नाही, पण घरच्या गुणगुणीला बहुधा पुरतं. बाजारात तयार मिळणाऱ्या बऱ्याच आरसीए-एक्सएलआर अडॅप्टरमध्ये एक्सएलआरच्या आतच पहिली आणि तिसरी पिन एकत्र सोल्डर केलेली असते. तसं केलं की परतीची तार पुन्हा सामायिक होते आणि केलेला सगळा खटाटोप वाया जातो. घेताना एक्सएलआर उघडून या दोन पिना बघा. तिथेच एकत्र जोडलेल्या असतील तर अडॅप्टर परत करा.

उलट दिशेने, बॅलन्स्ड आउटपुटमधून आरसीएकडे जाताना, तिसरी पिन सरसकट जमिनीला जोडू नका. काही आउटपुट सर्किटना ते चालतं, काही तापतात. त्या यंत्राचं माहितीपत्रक बघेपर्यंत ती मोकळी ठेवा.

मी मल्टिमीटर आणि दोन अडॅप्टर बरोबर आणले आहेत. ज्यांना कुठली पिन कशाला जोडली आहे ते बघायचं असेल त्यांनी पुढे यावं. बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत.